मोटारीचे अंतरंग रंगविताना

भोपाळ शहर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसलेले असल्यामुळे जून महिन्यात मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ माथ्यावर येतो, आणि त्यापूर्वीच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा वारंवार चाळीस अंशांच्या पलीकडे जातो, हे येथील रहिवाशाला कोणी सांगावयास नको. परंतु महाराणा प्रताप नगरात, म्हणजे ज्या भागाला सारे शहर एम. पी. नगर एवढेच म्हणते तेथे, बँका, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या आणि शिकवणीवर्ग यांच्या दारांशी सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत उघड्यावर उभ्या असणाऱ्या मोटारींच्या काचांआड काय चाललेले असते, याचा विचार मोटारीचा मालकही सहसा करीत नाही. काचेतून आत आलेले ऊन आतल्या वस्तूंना तापविते, ती उष्णता बाहेर पडावयास वाट मिळत नाही, आणि बाहेर चाळीस अंश असताना डॅशबोर्डचा वरचा पृष्ठभाग सत्तर अंशांच्या वर सहज चढतो. असे काही उन्हाळे गेले की एसीच्या जाळीभोवतीची रुपेरी चौकट काळवंडते, गिअरपाशी जेथे अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रोज घासतो तेथे मुलामा उडून खालचे प्लॅस्टिक उघडे पडते, आणि ज्या मोटारींत रबरासारखा मऊ लेप दिलेला असतो त्यांत तर तो लेप हळूहळू चिकट होऊन बोटाला लागू लागतो.

हा चिकटपणा म्हणजे मळ नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तो लेप बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, आणि उष्णता व हवेतील दमटपणा यांच्या संयुक्त परिणामाने त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते. जी वस्तू मुळातच विघटित होत आहे ती कितीही पुसली तरी पूर्ववत होत नाही. भोपाळात चार महिने भाजणारे ऊन आणि त्यापाठोपाठ तीन-साडेतीन महिने पावसाळी हवा, असा हा लेप नासविण्याला अनुकूल क्रम दरवर्षी न चुकता येतो. मग मालकापुढे तीन मार्ग राहतात: कंपनीचे नवे भाग मागवावयाचे, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे मोटार सोडावयाची, किंवा डॅशबोर्डच्या पट्ट्या स्वत: काढून घरी रंगवावयाच्या. माझी शिफारस तिसऱ्या मार्गाची आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून जे मराठी नोकरदार येथे आले, आणि त्याच सुमारास उभ्या राहू लागलेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात जे मराठी कारागीर रुजू झाले, त्यांच्या संसारात जिन्नस बिघडला म्हणून टाकून देण्याची रीत नव्हती. तो उघडून पाहणे, त्याचा धातू कोणता, लाकूड कोणते, हे ओळखणे आणि मग त्याला हात घालणे, ही रीत होती. डॅशबोर्डच्या पट्ट्या रंगविणे हे नेमके त्या रीतीचे काम आहे. त्यात रंग देण्याचा भाग फार थोडा, आणि पदार्थ ओळखण्याचा व तयारीचा भाग फार मोठा.

एके काळी ही ओळख पटविण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ज्या फियाट अकराशे गाड्या तयार होत, त्यांचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता, आणि बाहेरच्या अंगाला जो रंग तोच बहुधा आतही दिसे. पत्र्याला गंज चढला तर तो खरवडावा, अस्तराचा हात द्यावा आणि रंग मारावा, इतका तो सरळ व्यवहार होता. पुढे अपघातात डोके आपटून होणाऱ्या इजा ध्यानी घेऊन कठीण पत्र्याला जगभर विरोध झाला. अमेरिकेत १९६८ सालापासून लागू झालेल्या सुरक्षा-नियमांनी मोटारीच्या आतील भाग आघात सोसणारे असावेत असे बंधन घातले, आणि दरम्यान रसायनशास्त्राने स्वस्त व हलके पर्यायही हाती दिले होते. इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीन तयार केले, व त्या संशोधनशाखेसाठी १९६३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल झिग्लर यांच्याबरोबर मिळाले. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हापासून आपल्या मध्यमवर्गाच्या मोटारीत चालकाच्या समोर पत्र्याऐवजी प्लॅस्टिक आले ते कायमचेच.

आता प्लॅस्टिक म्हणून आपण ज्याला एकाच नावाने संबोधितो त्यात रंगाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाची तफावत असते. डॅशबोर्डची पट्टी खुंट्या मोडू न देता, प्लॅस्टिकच्या चपट्या उचकणीने हळूहळू सोडवून उलटी करावी आणि तिची पाठ उजेडात धरावी. तेथे साच्यातच उमटलेली बारीक अक्षरे दिसतात, दोन्ही बाजूंस टोकदार कंसांसारख्या खुणा आणि मध्ये एबीएस, किंवा पीपी, किंवा पीपी-टी२०, असा मजकूर. एबीएस असेल तर काम सुकर आहे, कारण त्या प्लॅस्टिकवर अस्तर व रंग चांगला धरतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर मात्र सावध व्हावे. या पदार्थाची पृष्ठऊर्जा इतकी कमी असते की कोणताही द्रव त्यावर पसरण्यास नाखूश असतो, आणि त्यावर थेट मारलेला रंग आज सुंदर दिसला तरी उद्या नखाने सालीसारखा निघून येतो. त्यासाठी क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिन असलेले, पारदर्शक, आसंजन वाढविणारे अस्तर वेगळे मिळते; दुकानात ते 'प्लॅस्टिक प्रायमर' किंवा 'अ‍ॅढेजन प्रमोटर' या नावांनी मागावे, आणि पॉलिप्रॉपिलीनवर चालते असे डब्यावर स्पष्ट लिहिलेले आहे की नाही ते पाहूनच पैसे द्यावेत. काही जाणकार पट्टी पाण्यात टाकून पाहावयास सांगतात, कारण शुद्ध पॉलिप्रॉपिलीन तरंगते आणि एबीएस बुडते. ही कसोटी अपुरी आहे. पीपी-टी२० मधील टी हे अक्षर टाल्क म्हणजे शंखजिऱ्याच्या भुकटीचे आणि २० हे तिच्या शेकडा प्रमाणाचे असते, आणि इतकी भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडते; म्हणून पाण्यापेक्षा पाठीवरच्या अक्षरांवर भिस्त ठेवावी.

कोणत्या भागांना हातच लावू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. स्टिअरिंगच्या मध्यभागी आणि डाव्या बाजूच्या प्रवाशासमोर एअरबॅग दडलेली असते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांत पुढच्या प्रवाशाचीही. त्या झाकणाच्या पाठीमागे ठरलेल्या रेषेवर मुद्दाम कमजोर केलेली खाच असते, अपघाताच्या क्षणी ते त्याच रेषेवर फाटावे लागते, आणि रंगाच्या जाड थरामुळे ते फाटणे बिघडू शकते किंवा रंगाचे तुकडे माणसाच्या तोंडावर उडू शकतात. ते झाकण जसे आहे तसे राहू द्यावे. शेजारची पट्टी काढावयाची असली तरी बॅटरीची ऋण तार सोडवून, मोटारीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून मगच काढावी. बटनांवरील अक्षरे व चिन्हे बुजतील असा रंग त्यांवर चढवू नये. आणि काचेखालच्या वरच्या सपाट भागाला चकाकी देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा: तो भाग मूळचाच गडद व निस्तेज ठेवलेला असतो, कारण तो उजळ किंवा चकचकीत झाला तर त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते आणि समोरचा रस्ता त्या प्रतिबिंबातून पाहावा लागतो. येथील दुपारच्या उन्हात, मेट्रोच्या मार्गिकेच्या सावलीतून एकदम प्रकाशात येताना, हा दोष सुंदरतेच्या नावाखाली पत्करण्याजोगा नाही.

कायद्याच्या बाजूने मात्र या कामाला आडकाठी नाही. नोंदणी-प्रमाणपत्रात बाह्य रंगाची नोंद असते, आणि तो बदलावयाचा तर परिवहन कार्यालयात रीतसर दाखल करावे लागते. आतल्या पट्टीच्या रंगाची कोणत्याच दफ्तरात नोंद नसते.

पट्टी सुटली, प्लॅस्टिक ओळखले, की सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत निर्णायक काम सुरू होते, ते म्हणजे स्वच्छता. आपल्याकडे मोटार धुणारा माणूस धुऊन झाल्यावर डॅशबोर्डवर जे चकचकीत पॉलिश फासतो, त्यात बहुधा सिलिकोनचे तेल असते, आणि रंगाचा त्याच्याइतका कट्टर वैरी दुसरा नाही. त्याचा डोळ्यांना न दिसणारा अंशही राहिला तर रंग पडल्याबरोबर ठिकठिकाणी मागे सरतो आणि गोल खळगे उमटतात, ज्यांना रंगारी 'फिशआय' म्हणतात. ते वरून आणखी रंग मारून भरत नाहीत, सारे पुसून मुळापासून आरंभ करावा लागतो. म्हणून भांडी घासण्याच्या साबणाने कोमट पाण्यात पट्टी दोन-तीनदा घासावी, कोपरे आणि जाळीच्या पट्ट्यांमधील फटी जुन्या दंतब्रशाने साफ कराव्यात, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि प्रत्येक वेळी कापडाची नवी बाजू घ्यावी, नाहीतर तेल निघत नाही, फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. चिकट झालेला मऊ लेपही याच अल्कोहोलने, थोडा वेळ भिजवून, पुन:पुन्हा पुसून पूर्णपणे उतरवावा. अर्धवट राहिलेल्या लेपावर रंग टिकत नाही. रंगाच्या दुकानातला साधा थिनर किंवा नखपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन वापरू नये, कारण एबीएसला ते विरघळविते किंवा त्यात केसाएवढ्या भेगा पाडते.

स्वच्छता पुरी झाली की नाही, हे जोखण्याची एक सुरेख रीत आहे. धुतलेल्या पट्टीवर स्वच्छ पाण्याची धार सोडून ती तिरपी धरावी आणि बारकाईने पाहावे: पाणी अखंड पातळ पडद्यासारखे पसरून सावकाश उतरत असेल तर पृष्ठभाग निर्मळ आहे; ते एखाद्या जागी तुटून अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब धरीत असेल तर तेथे अद्याप तेल आहे, आणि नेमक्या त्याच जागी उद्या रंग फाटणार आहे. ही परीक्षा एबीएसवर विशेष उपयोगी पडते. पॉलिप्रॉपिलीन स्वभावत:च पाणी झिडकारते, म्हणून तेथे साऱ्या पृष्ठभागाचे वर्तन सारखे आहे की एखादीच जागा वेगळी वागते, एवढेच पाहावयाचे.

यानंतर पाण्यात भिजवून पॉलिशपेपर फिरवावा, आधी ४०० क्रमांकाचा आणि मग ६०० चा. हेतू प्लॅस्टिक झिजविण्याचा नसून चकाकी मारून सर्वत्र एकसारखा निस्तेज धूसरपणा आणण्याचा असतो. खोल ओरखडा असेल तर प्लॅस्टिकला चालणारी लांबी भरून, वाळल्यावर घासून सपाट करावी. पट्टीला मूळचा कातड्यासारखा पोत असेल तर कागदाऐवजी घासणीचा मऊ तंतुमय तुकडा वापरावा, नाहीतर उंचवटे झिजून पोत नाहीसा होतो.

मग अस्तर, आणि अस्तरानंतर रंग. कम्प्रेसर ज्याच्या घरी नाही त्याला फवाऱ्याचा डबा पुरतो. हा डबा आज इतका सामान्य झाला आहे की त्यामागची कल्पकता जाणवत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या सायकामोर गावी रंगाचा व्यवसाय करणाऱ्या एडवर्ड सेमोर यांनी १९४९ साली प्रथम डब्यात रंग व दाबलेला वायू एकत्र भरले, आणि तेही खोली तापविणाऱ्या रेडिएटरांना देण्याचा अ‍ॅल्युमिनियम रंग दाखविण्यासाठी. डबा दोन मिनिटे तरी जोराने हलवावा, म्हणजे तळाशी बसलेले रंगद्रव्य आतल्या गोळीने ढवळून निघते. पट्टीपासून वीस-पंचवीस सेंटीमीटर अंतर राखून, फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करावा, हात समांतर सरळ नेत पट्टीच्या पलीकडे गेल्यावर थांबवावा, आणि प्रत्येक फेरीने मागच्या फेरीचा अर्धा भाग झाकावा. पहिला हात इतका विरळ असावा की त्यातून खालचे प्लॅस्टिक स्पष्ट दिसत राहावे. नवशिक्याला ही गोष्ट पटत नाही, त्याला पहिल्याच हातात सारे झाकून टाकावेसे वाटते, आणि तेथेच ओघळ येतात. डब्यावर सांगितलेला अवधी, बहुधा दहा मिनिटांच्या आसपास, मध्ये सोडून तीन किंवा चार विरळ हात द्यावेत. शेवटी निस्तेज पारदर्शक लेपाचे दोन हात दिले की बोटांच्या ठशांपासून व ओरखड्यांपासून बचाव होतो.

भोपाळात या कामाला ऋतू निवडावा लागतो. पावसाळ्यात रंगातील द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतील बाष्प त्यावर जमते, आणि काळ्या रंगावर दुधट छटा येते. एप्रिल-मेमध्ये उलट संकट: रंगाचे कण पट्टीवर पोचण्यापूर्वीच अर्धे वाळतात, पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो, आणि उष्ण वाऱ्याबरोबर धूळ येते ती वेगळीच. कोरड्या हवेत प्लॅस्टिक पुसताना त्यावर स्थिर विद्युत साठते आणि ते आपणहून धूळ ओढून घेते, म्हणून शेवटचा हात फिरवावयाचा तो किंचित ओलसर कापडाचा, आणि काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. दसऱ्यानंतरचे दिवस आणि फेब्रुवारी-मार्चची सकाळ, या दोन वेळा मला येथे सर्वांत अनुकूल वाटतात.

आता ज्या एका बाबतीत हयगय चालणार नाही तिच्याकडे वळतो, आणि भोपाळात राहणाऱ्या माणसाने हे लिहिताना शब्द जपून वापरले पाहिजेत, याची मला जाणीव आहे. रंगाच्या दुकानात अधिक टिकाऊ म्हणून 'पीयू' नावाचा दोन भागांचा रंग सुचविला जातो. एका डब्यात रंग, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही भाग एकाच फवारा-डब्यात भरून, बुडाची कळ दाबली की आत मिसळतील अशीही सोय निघाली आहे. या हार्डनरमध्ये पॉलिआयसोसायनेट असते. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, ३ तारखेच्या पहाटेपर्यंत, याच शहराच्या उत्तर भागातील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटून हजारो माणसे मेली, तो मिथाइल आयसोसायनेट याच रासायनिक कुळातला. कुळ एक असले तरी दोन्ही पदार्थ एक नव्हेत, हे नीट समजून घ्यावे: मिथाइल आयसोसायनेटचा रेणू लहान असतो आणि एकोणचाळीस अंशांनाच उकळतो, म्हणून तो हवेत प्रचंड प्रमाणात पसरला, रंगाच्या हार्डनरमधील रेणू मोठे व जड असतात, उघड्या डब्यातून त्यांची वाफ फारशी उठत नाही. परंतु फवारा मारला की वाफ उठण्याची गरजच उरत नाही, कारण त्या द्रवाचे सूक्ष्म तुषार सरळ श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतात. त्यांचा वास इतका मंद असतो की धोक्याची मर्यादा ओलांडली तरी नाक सूचना देत नाही. आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले की पुढे अत्यल्प संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. कारखान्यांत हे रंग मारणाऱ्या कामगाराला बाहेरून शुद्ध हवा पुरविणारा मुखवटा देतात. घराच्या गच्चीवर ती व्यवस्था होऊ शकत नाही, तेव्हा घरी पीयू फवारावयाचा नाही, हा निर्णय मी कोणत्याही सवलतीवाचून मांडतो. डॅशबोर्डच्या पट्टीला पाऊस, पेट्रोल आणि दगड यांचा मारा सोसावयाचा नसतो. तिला एका भागाचा साधा अ‍ॅक्रिलिक रंग पुरेसा आहे. पीयूच हवा असेल तर पट्ट्या सोडवून, साफ करून, ज्याच्याकडे रंगाची बंद खोली आणि हवेची नळी आहे अशा कारागिराकडे न्याव्यात, आणि तो स्वत: तोंडाला नुसता रुमाल बांधून काम करतो की काय, हे ग्राहकाने विचारण्यात काहीही गैर नाही.

साधा अ‍ॅक्रिलिकही निरुपद्रवी नसतो. त्यात टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन अशी द्रावके आणि ढकलणारा ज्वलनशील वायू असतो. या वाफा हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतात आणि लांबवर वाहत जातात. एम. पी. नगरातील अनेक इमारतींत खालच्या मजल्यावर किंवा तळघरात वाहनतळ असतो आणि तेथेच विजेच्या मीटरांची फळी व पाण्याच्या पंपाची मोटर असते. अशा जागी फवारा मारणे म्हणजे आगीला आमंत्रण. गच्ची हीच योग्य जागा, शेजारच्या घराची खिडकी वाऱ्याच्या दिशेला नाही ना हे पाहून. तोंडाला सेंद्रिय वाफांसाठी असलेल्या कोळशाच्या डबीचा मुखवटा लावावा, कापडी मुखपट्टीचा येथे उपयोग नाही. आणि लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना तेवढा वेळ खाली ठेवावे.

रंग हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण आतून पक्का होण्यास आठवडा लागतो, आणि तोवर पट्ट्या परत बसवू नयेत. घाईने बसविलेल्या पट्टीच्या कडेला खुंटीजवळचा रंग दाबला जातो आणि तेथूनच साल सुटू लागते. त्या आठवड्यात त्या एखाद्या हवेशीर खोलीत, निजण्याच्या जागेपासून दूर ठेवाव्यात. पुढची देखभाल साधी आहे: ओलसर कापड, हवे तर सौम्य साबण, आणि सिलिकोनचे पॉलिश कधीच नाही, हे मोटार धुणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. पुढची काच दोन थरांमधील प्लॅस्टिकच्या पडद्यामुळे अतिनील किरण बव्हंशी अडविते, उष्णता मात्र फारशी अडवीत नाही. म्हणून उघड्यावर मोटार उभी करताना काचेआड परावर्तक पडदा लावला तर नव्या रंगाचे आयुष्य निश्चित वाढते.

राहिले ते रिकामे डबे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रंगाच्या डब्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. डबा उलटा धरून आतला वायू निघून जाईपर्यंत गच्चीवर मोकळ्या हवेत सोडावा, त्याला भोक पाडू नये, पालापाचोळ्याबरोबर जाळू नये, आणि ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न मिसळता महापालिकेची गाडी येईल तेव्हा वेगळा म्हणून सांगून द्यावा.